तळकोंडीचे धुकेदिवे

मिठाईचा पुडा घेऊन माणूस दुखवट्याच्या घरी येतो तेव्हा एकतर तो वेडा असतो, नाहीतर त्याला काहीतरी हवं असतं. अद्वैत केळुसकर वेडा नव्हता. 'मेघदृष्टी' कंपनीचा तो विभागीय व्यवस्थापक. वय पस्तीस, पायात पांढरेशुभ्र बूट, आणि अंगाला असला उग्र सुवास की तो ओट्यावर टेकल्याबरोबर गोठ्यातली म्हैस फुरफुरली.

जोतिराम चौगलेच्या घशाशी तो वास चिकटून बसला. त्याच्या धाकट्या बहिणीचा, शालनचा नवरा जाऊन अकरा दिवस झाले होते. दिनकर मोरबाळे दुधाचा टेम्पो चालवायचा. तळकोंडी घाटाच्या तिसऱ्या वळणावर, दिवसाढवळ्या, ऐन धुक्यात पर्यटकांच्या एका गाडीनं मागून येऊन त्याला टेम्पोसकट कठड्यापलीकडं ढकललं होतं. आणि त्या घाटात 'मेघदृष्टी'नं धुकं मोजणारं जे यंत्र बसवलं होतं, त्याचा राखणदार होता जोतिराम.

"चौगले, मी तुम्हाला घाबरवायला आलेलो नाही," केळुसकर म्हणाला आणि त्यानं एक कागद पुढं केला. "फक्त वाचा. तुमच्याच भल्याचं आहे."

कागदावर लिहिलं होतं, की मी, जोतिराम बाळू चौगले, खंडेनवमीच्या दिवशी श्रद्धेपोटी धुकेमापकाच्या काचेस गंध लावले. ते पुसताना काही अंश काचेवर राहिला. त्यामुळे यंत्रास धुके दिसले नाही व घाटातील वाहनांचे धुकेदिवे लागले नाहीत.

"श्रद्धेचा मामला आहे. चौकशी समितीत तुम्हाला कोणी बोल लावणार नाही," केळुसकर समजुतीच्या सुरात म्हणाला. "आम्हीसुद्धा ऑफिसात कॉम्प्युटरला हार घालतोच की. तुमची नोकरी राहील. एक छोटं ट्रेनिंग करू आपण. सोमवारी सुनावणी आहे, तेव्हा सही करून घेऊन या."

"आणि न्हाई केली तर?"

"तर मग त्याला श्रद्धा म्हणत नाहीत. निष्काळजीपणा म्हणतात." असं म्हणून त्यानं पुडा जोतिरामच्या मांडीजवळ सरकवला. "आंबा बर्फी आहे. मुलांना द्या."

तो गेल्यावर जोतिरामच्या बायकोनं पुडा दोन बोटांत धरला आणि न उघडता उकिरड्यावर भिरकावला. जोतिरामला केळुसकरची किळस आली होती हे खरं, पण त्याहून जास्त किळस स्वतःची आली होती. कारण कागदावरचं अक्षर न् अक्षर त्याला खरं वाटत होतं.

गावालाही खरं वाटत होतं. शालनला तर वाटतच होतं. तिसऱ्या दिवशी तो तिच्या दारात गेला, तेव्हा ती उंबऱ्याच्या आत उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, तुझं यंत्र पुजून झालं असंल तर घरला जा." आणि तिनं दार लावून घेतलं. लहानपणी जिला त्यानं कडेवर घेऊन सगळी जत्रा दाखवली, त्या बहिणीनं लावलेलं दार तो किती वेळ बघत राहिला कुणास ठाऊक.

आता हे यंत्र म्हणजे काय आणि दिव्यांचा आणि त्याचा काय संबंध, ते सांगायला हवं.

पूर्वी गाडीचा धुकेदिवा लावायचा की नाही, हे गाडी चालवणारा ठरवायचा. नियम तेव्हाही होते, पण नियमाला विचारतो कोण? दिवा छान दिसतो म्हणून चांदण्या रात्रीही पिवळा झोत समोरच्याच्या डोळ्यांत मारत जाणारे होते, आणि हाताला हात दिसेना अशा धुक्यात 'मला दिसतंय की' म्हणून दिवे बंद ठेवणारेही होते. मागचा लाल धुकेदिवा आपल्याला दिसावं म्हणून नसतोच, आपण मागच्याला दिसावं म्हणून असतो; एवढी साधी गोष्ट लोकांना शंभर वर्षांत कळली नाही. शेवटी चार वर्षांपूर्वी कायदा आला आणि धुकेदिव्याचं बटणच चालकाच्या हातून काढून घेतलं गेलं. जुन्या गाड्यांतही एक डबी बसवली, की झालं. आता दिवे लावणार ते घाटातलं यंत्र.

यंत्र म्हणजे एका खांबावर पुढं आलेले दोन हात. एका हातातून न दिसणाऱ्या प्रकाशाचा किरण निघतो. दुसरा हात त्याच्या समोर नसतो, जरा तिरका असतो, म्हणून एरवी त्याला तो किरण दिसतच नाही. पण मधल्या तांब्याएवढ्या जागेत धुक्याचे थेंब आले की किरण त्यांच्यावर आपटून विखुरतो आणि थोडा दुसऱ्या हाताच्या काचेत शिरतो. जितका जास्त शिरेल तितकं धुकं दाट. त्यावरून यंत्र हिशेब करतं की माणसाला किती मीटरवरचं दिसेल. कायद्यानं शंभर मीटरची मर्यादा घातलेली. त्याच्या खाली आकडा गेला की यंत्र घाटातल्या प्रत्येक गाडीला रेडिओवरून हुकूम सोडतं: पुढचे पिवळे, मागचे लाल दिवे लागतात आणि गाडीचा वेग आपोआप तीसच्या वर जाईनासा होतो.

कायदा करणारी माणसं शहाणी होती. त्यांनी नववा नियम असा घातला होता, की यंत्राची काच मळली, यंत्राला स्वतःचीच खात्री वाटेना, तर दिवे लागलेच पाहिजेत. शंका असेल तर दिवा. जोतिरामला हा नियम फार आवडायचा. आईनं केला असता तसला नियम आहे, असं तो म्हणायचा.

हे यंत्र त्यानं चार वर्षं पोटच्या पोरासारखं सांभाळलं होतं. रोज सकाळी काच स्पिरिटनं पुसायची, खांबावरच्या चौकटीतला हिरवा दिवा बघायचा आणि 'ठीक' असा निरोप कंट्रोल रूमला द्यायचा. त्यापलीकडं यंत्राला हात लावायचा नाही, असं करारात लिहिलेलं. तो लावायचाही नाही. अपवाद फक्त खंडेनवमीचा. कोयता, पहार, शिवणयंत्र, टेम्पो. ज्याच्यावर घर चालतं त्याला त्या दिवशी गंध-फूल वाहायचं, हे काय सांगायला लागतं? तीन वर्षं त्यानं खांबाला गंध लावलं. यंदा चौथ्या वर्षी त्याला काय वाटलं देव जाणे. देवाला गंध कपाळी लावतात, मग याला खांबाच्या पायाशी का, असं म्हणून तो स्टुलावर चढला आणि त्यानं ओल्या अष्टगंधाचं बोट थेट काचेवर ओढलं.

दहा सेकंदांत हिरव्याचा पिवळा झाला आणि लख्ख उन्हात सगळ्या घाटातल्या गाड्यांचे धुकेदिवे पेटले. नववा नियम! जोतिराम गोंधळला, मग त्याला हसूच आलं. तेवढ्यात फोन वाजला.

"चौगले, काय चाललंय तिथं?" केळुसकर स्वतः होता. "सुट्टीचा दिवस आहे. गाड्या तीसनं रांगतायत. रिसॉर्टवाले बोंबलतायत. पुसा ते!"

त्यानं पुसलं. आधी टॉवेलनं, मग स्पिरिटनं. दिवा हिरवा झाला.

साडेतीननंतर धुकं उतरलं. अश्विनात पाऊस सरता सरता दुपारी ऊन तापलं की खालच्या दरीतून असं धुकं उठतं, आणि घाट घटकाभरात गिळून टाकतं. जोतिराम खांबापासून दहा पावलांवरच्या आपल्या खोपटात होता. खाली उतरणाऱ्या गाड्या त्याच्यासमोरून सूं सूं जात होत्या आणि एकीचाही दिवा लागलेला नव्हता. त्यानं बाहेर येऊन वर पाहिलं. यंत्र हिरवं. त्यानं कंट्रोल रूमला फोन लावला.

"साहेब, धुकं लई हाय. दिवं लागंनात."

"आमच्याकडं ठीक दिसतंय."

"आवं, मला माझ्या डोळ्यांनी दिसतंय की!"

"तुम्ही डोळ्यांनी बघू नका, चौगले. त्यासाठीच यंत्र बसवलंय."

तो वरिष्ठांशी बोलायचंय म्हणून फोनवर थांबला. तेवढ्यात दुसरा फोन आला, तो दिनकरचा. "पाव्हणं, तिसऱ्या वळणावर चाक बसलंय माझं. चारी इंडिकेटर लावल्यात, पर त्येंचा काय उजेड? तेवढं दिवं लावाय सांगा की."

"वर इचारलंय मी, पाव्हणं. जरा दम काढा."

दिनकरनं दम काढला. पाच-सात मिनिटं काढला असेल. ज्या गाडीनं त्याला उडवलं तिच्यात एअरबॅगचे फुगे फुगून सगळे सुखरूप राहिले. जोतिराम धावत पोचला तेव्हा त्यांतली एक बाई रस्त्याच्या कडेला बसून तिची बॅग गाडीत राहिली म्हणून रडत होती, आणि उताराच्या डांबरावरून दूध वाहत होतं. ते दूध त्याच्या पायांना लागलं. त्या दिवसापासून त्याला चहा जात नव्हता.

सुनावणीच्या आदल्या दिवशी, रविवारी, सकाळी जोतिराम घाटावर गेला. कागद खिशात होता. सही करणारच होता तो. पण त्याआधी त्याला एक गोष्ट जाणून घ्यायची होती: किती गंध राहिलं होतं? काचेवर बोटभर राहिलं होतं की नुसता राप? आपल्या पापाचं माप तरी माणसाला कळायला हवं, असं काहीसं त्याच्या डोक्यात होतं.

तो स्टुलावर चढला. करारात काय लिहिलंय याची पर्वा त्यानं पहिल्यांदाच केली नाही. गंधाचा अगदी पुसट हात त्यानं काचेवर फिरवला. इतका पुसट की उजेडात तिरकं बघितलं तरच दिसावा. त्यानं दहा अंक मोजले. हिरव्याचा पिवळा झाला. त्यानं पुसलं, हिरवा झाला. मग त्याहून पातळ लावलं. पिवळा. नुसतं तेलकट बोट टेकवलं. पिवळा. टॉवेलचा एक धागा चिकटवला. तरी पिवळा! काचेच्या आत एक बारीक दिवा होता. तो सतत काच तपासत असायचा आणि काच जराशी जरी मळली तरी यंत्र बोंब ठोकायचं.

म्हणजे काच मळली असती तर दिवे लागले असते. त्या दुपारी यंत्र हिरवं होतं. म्हणजे काच स्वच्छ होती.

जोतिराम स्टुलावरच बसला. त्याला हलकं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. गंधानं नाही, तर मग कशानं? याचं उत्तर दरीतून वर येतच होतं. धुक्याचा पहिला लोट रस्त्यावर आला, मग दुसरा आला. वळणावरचं आंब्याचं झाड दिसेनासं झालं. खांबावरच्या चौकटीत एक बारीकसा आकडा असायचा. हिरवा दिवा बघितला की काम झालं म्हणून चार वर्षांत त्यानं त्या आकड्याकडं कधी नीट पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. एकशेवीस. पंच्याण्णव. सत्तर. त्रेपन्न.

त्रेपन्न मीटर आणि दिवा हिरवा! यंत्राला धुकं दिसत होतं, अगदी मीटरमीटरनं दिसत होतं. फक्त किती धुक्याला धुकं म्हणायचं, ते त्याला कुणीतरी दुसरंच शिकवून ठेवलं होतं.

कोणी ते ओळखायला पंचांग काढायला नको. आणि माणूस मरून तेरा दिवस झाले तरी तो आकडा कुणी मागं फिरवलेला नव्हता. दिवाळीच्या सुट्ट्या पुढंच होत्या ना! जोतिराम रस्त्याच्या कडेला वाकला आणि त्याला ओकारी झाली.

मग तोंड पुसून तो परत वर चढला, तशाच धुक्यात, आणि त्यानं काचेवर नुसता तळहात ठेवला. दहा सेकंदांत खाली उतरणाऱ्या गाड्या एकेक करून लाल झाल्या. बस, एवढंच. स्टूल, दहा पावलं आणि एक हात.

आपण केवढी गोष्ट बघतोय हे त्याला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यानं हात असा मागं घेतला, जणू तवा लागला.

सोमवारची सुनावणी घाटमाथ्यावरच्या रिसॉर्टच्या हॉलमध्ये ठेवली होती. हवा चांगली असते म्हणून. समितीत पाच जण होते. अध्यक्ष नेर्लेकर मॅडम, वाहतूक खात्यातल्या. मृत्यूचं कारण वाचून दाखवलं जात असतानाच गरम कांदाभजी आली. एका सदस्यानं दिनकरच्या शवविच्छेदनाच्या पानाला तेलाचं बोट लागू नये म्हणून ते कोपरानं बाजूला सारलं. शेवटच्या खुर्चीवर शालन बसली होती, वारस म्हणून बोलावलेली. तिनं भजी घेतली नाहीत आणि भावाकडं पाहिलंही नाही.

"चौगले, सही केलेला कागद?" केळुसकरनं हसून हात पुढं केला.

जोतिरामनं कागद तसाच टेबलावर ठेवला. "मॅडम, यंत्रापातूर चला. धाच मिनिटं."

"बाहेर धुकं आहे हो," एक सदस्य म्हणाला. "बूट खराब होतील."

"धुकं हाय म्हणूनच चला म्हणतोय."

नेर्लेकर मॅडमनी चष्मा काढला, जोतिरामच्या तोंडाकडं पाहिलं आणि त्या उठल्या. त्या उठल्या म्हटल्यावर बाकीचेही हात पुसत उठले. शालनही मागोमाग निघाली.

खांबाशी येईपर्यंत सगळ्यांचे कपडे ओलसर झाले. जोतिरामनं चौकटीकडं बोट केलं. "आकडा वाचा, मॅडम."

"अठ्ठेचाळीस."

"आन् दिवा?"

मॅडमनी दिवा पाहिला. हिरवा. एक गाडी त्यांच्या पाठीमागून बिनदिव्याची सुसाटत गेली, तेव्हा त्या दचकून कठड्याला टेकल्या. "केळुसकर, कायद्यात शंभर आहे ना?"

"तत्त्वतः शंभरच आहे, मॅडम. पण पर्यटन हंगामात थोडं स्थानिक समायोजन केलेलं आहे. तीस मीटर. तशी तोंडी संमती होती. तीसची वेगमर्यादा लागली की रांगा पार गावापर्यंत जातात, लोकांचा विरस होतो. शिवाय आकडेवारी पाहिली तर..."

"चौदा दिवस झाले माणूस मरून," नेर्लेकर मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "आणि हे अजून तीसवरच आहे?"

"प्रस्ताव पाठवलाय आम्ही," केळुसकर म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. आपला सदरा भिजतोय याचीच काय ती अडचण दिसत होती. तो चेहरा बघून जोतिरामला वाटलं, याच्यावर थुंकलं तर थुंकीही वाया जाईल.

"आन् गंधाचं म्हणाल, तर ह्ये बघा." त्यानं खिशातून गंधाची डबी काढली, काचेवर बोट ओढलं. पिवळा दिवा लागला. त्यानं पुसलं. हिरवा झाला. "गंध ऱ्हायलं असतं, तर दिवं लागलं असतं. काच मळली की ह्ये यंत्र दिवं लावतंय. काचंवर कायबी ठिवा, लावतंय." आणि हे दाखवायला म्हणून, बोलण्याच्या भरात, त्यानं आपला उजवा तळहात काचेवर ठेवला.

धुक्यात आधी एक लाल ठिपका उमटला, मग दोन, मग वळणापर्यंत दिव्यांची ओळ. वर चढणाऱ्या गाड्यांचे पिवळे झोत खालून आले. सगळ्या गाड्या एकदम सावकाश झाल्या. समितीतला एक जण "वा!" म्हणाला आणि गप्प झाला.

नेर्लेकर मॅडमनी चौकटीचा फोटो काढला. "चौगले, तुमच्यावर काही नाही," त्या म्हणाल्या. "तुमचा काडीचा दोष नाही. मी तसं लिहिते."

जोतिरामनं शालनकडं पाहिलं. हे तिनं ऐकावं म्हणून तर त्यानं सगळ्यांना इथवर आणलं होतं. आता ती पुढं येईल, रडेल, निदान दादा तरी म्हणेल, असं त्याला वाटलं. ती पुढं आलीही. पण तिची नजर त्याच्या चेहऱ्यावर नव्हती. तिनं खोपटाकडं पाहिलं, मग खांबाकडं पाहिलं, आणि मधलं अंतर डोळ्यांनी मोजल्यासारखं केलं.

"त्या दिवशी तू हितंच हुतास नव्हं?"

"व्हय."

"धुकं हुतं. दिवं लागलं न्हाईत, ह्ये दिसत हुतं तुला."

"वर फोन लावलावता मी, शालन. वरनं हुकूम आल्याबिगर यंत्राला हात लावायचा न्हाई, असं—"

"त्येंचा फोन आलता तुला. मोबाईलवर हाय त्येंच्या." तिचा आवाज चढला नाही. "काय म्हनलास त्यास्नी?"

"दम काढा म्हनलो."

शालन त्या काचेवरच्या हाताकडं बघत राहिली. कुठल्याशा नासलेल्या वस्तूकडं बघावं तशी बघत राहिली.

"मग तवा कुठं हुता रं ह्यो हात?"

केळुसकर हळूच म्हणाला, "चौगले, हात काढा आता, खाली ट्रॅफिक तुंबतंय." शालन वळून एकटीच उतार उतरू लागली होती, आणि तिच्या मागून गाड्या येत होत्या, म्हणून जोतिरामनं हात काढला नाही.